−३ − ५ चं उत्तर −८ आणि ३ − (−५) चं ८. 'वजा वजा अधिक' असेल तर पहिल्याचंही ८ का येत नाही?

घोळ त्या पाठ केलेल्या ओळीत आहे. 'वजा वजा अधिक' गुणाकारात खरं: (−३) × (−५) = १५. बेरीज-वजाबाकीत ते एकाच ठिकाणी चालतं, दोन चिन्हं एकमेकांना खेटून असतील आणि मध्ये फक्त कंस असेल तिथे. −३ − ५ मध्ये ती खेटून नाहीत. पहिलं चिन्ह ३ चं स्वतःचं, दुसरं वजाबाकीचं. मोठ्याने वाचा: उणे तीन वजा पाच. संख्यारेषेवर आपण शून्याच्या डावीकडे तीन घरं आहोतच, अजून पाच घरं डावीकडे जायचं. −८.

आता ३ − (−५). इथे 'नियमच आहे' असं सांगून पुढे जातात, ते मला अजिबात पटत नाही, कारण त्यामागचं कारण अगदी हाताशी आहे. तीनातून उणे पाच काढायचे, पण तीनात ते दिसतच नाहीत. मग आधी त्यात शून्य मिळवा. त्याने किंमत बदलत नाही, आणि शून्य हे ५ + (−५) असंही लिहिता येतं:

३ = ३ + ५ + (−५)

आता −५ समोर आला. तो काढून टाका. उरले ३ + ५, म्हणजे ८. पडताळा हवा असेल तर ८ मध्ये −५ मिळवा, पुन्हा ३ येतात.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन-ऋण संख्यांचे नियम लिहिले, त्यात शून्यातून ऋण वजा केलं तर धन येतं हेही आहे. वरच्या ओळीतून डावी-उजवीकडचे ३ खोडा, ० = ५ + (−५) उरतं. त्यातून −५ काढला की ५ राहतात, म्हणजे तोच नियम.

अजून शंका असेल तर ओळीने मांडून बघा: ३ − २ = १, ३ − १ = २, ३ − ० = ३. वजा करायची संख्या एकाने घटली की उत्तर एकाने वाढतं. पुढची पायरी ३ − (−१). तिथे ४ च यायला हवेत.

म्हणून लांबलचक उदाहरण आलं की मी आधी सगळ्या वजाबाक्या मोडते. वजा करायच्या संख्येची विरुद्ध संख्या घ्यायची आणि ती मिळवायची. −७ + ४ − (−९) − २ चं होतं −७ + ४ + ९ + (−२). आता ही निव्वळ बेरीज आहे, क्रम हवा तसा बदला. धन संख्या एकत्र: १३. ऋण एकत्र: −९. चिन्हं वेगळी असली की मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा आणि मोठ्याचं चिन्ह ठेवायचं, म्हणून उत्तर ४. वजाबाकी तशीच ठेवून मात्र आकडे इकडे-तिकडे हलवू नका. ३ − ५ आणि ५ − ३ एक नाहीत, ३ + (−५) आणि (−५) + ३ मात्र एकच आहेत.