६४१च का?

प्रश्न: २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही मूळ संख्या आहे असं फर्मा मानत होता. १७३२ मध्ये ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. यंत्र नसताना त्याला नेमका ६४१ कसा सापडला?

उत्तर: हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वहीत सरळ भागाकार मांडला. भाग आला ६७,००,४१७ आणि बाकी शून्य. तरी समाधान झालं नाही, कारण तुमचाच प्रश्न माझ्याही मनात होता. या संख्येचं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे येतं आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार कोण करणार?

ऑयलरने आधी चाळण लावली. समजा, ‘प’ ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. आता २ पासून दुप्पट करत चला: २, ४, ८, १६... आणि दर वेळी ‘प’ ने भागून बाकी लिहा. ३२ व्या पायरीवर बाकी उणे १ येणार (म्हणजे ‘प’ पेक्षा एकाने कमी). तिचा वर्ग १, म्हणून ६४ व्या पायरीवर बाकी १, आणि तीही पहिल्यांदाच. तिथून तीच आवर्तनं पुन्हा सुरू. पण खुद्द फर्माचं प्रमेय सांगतं की ‘प’ वजा १ व्या पायरीवर बाकी १ आलीच पाहिजे. तेव्हा ‘प’ वजा १ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

अशा मूळ संख्या किती थोड्या उरतात पाहा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीच लागू पडते! साधन फर्माच्याच हातात होतं, याची मला आजही हळहळ वाटते. अगदी २ पासून ओळीने भागत गेलं असतं तरी ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे.

पडताळा घ्यायला दहा अंकी भागाकारही नको. २ चा १६ वा घात ६५,५३६. त्याला ६४१ ने भागल्यावर बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६, आणि ६४१ गुणिले ३७ म्हणजे २३,७१७. एकाने कमी! म्हणून ३२ व्या घातात १ मिळवला की भाग पूर्ण जातो. मुलांना हे जरूर करून दाखवा.

आता ६७,००,४१७ आणखी फुटते का? पुढे लुकासने ६४ च्या जागी १२८ घेता येतात हे सिद्ध केलं, त्यामुळे तिच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे २,५८८ पर्यंत, पाचच संख्या तपासायच्या राहतात: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. मी पाचही भागाकार हाताने केले. बाक्या आल्या १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही. ती मूळच आहे.