टीका कर, पण कागद हातात ठेव

तुझी पुढाऱ्यांवरची टीका वाचली. धार आहे. "आधी स्वतः काही करून दाखव, मग बोल" असं कोणी म्हटलं तर फार मनावर घेऊ नकोस. राज्यघटनेच्या कलम 19 ने बोलायचा हक्क दिला, तो समाजसेवेची पावती बघून नाही. खड्ड्यात पडलेल्याने आधी डांबर टाकायला शिकावं, असं थोडंच आहे?

पण "सगळे चोर" लिहिलंस की नेत्याचं फावतं. उत्तरच द्यावं लागत नाही. मीही कित्येक वर्षं असाच तोंडाचा पट्टा सोडायचो. मग गल्लीतल्या रस्त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून. मागितलं इतकंच: कार्यादेशाची (ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची) प्रत, मोजमाप पुस्तिकेतल्या (झालेलं काम मोजून लिहितात ती वही) नोंदी आणि दोषदायित्वाची मुदत, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदार किती काळ जबाबदार. 30 दिवस उलटले, उत्तर नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील केलं तेव्हा कागद आले. दोषदायित्वाची मुदत अजून शिल्लक होती, म्हणजे डागडुजी ठेकेदाराने स्वखर्चाने करायची. तेच कागद नगरसेवकापुढे ठेवल्यावर त्यांचा सूरच बदलला. (रस्ता झाला तो पावसाळ्यानंतर. असो.)

अर्जात "असं का केलं?" विचारू नकोस, प्रत माग. "का"ला बगल देता येते. प्रत नाकारायची तर कारण लिहावं लागतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. शिव्यांना तिथे जागा उरत नाही, हे बरंच आहे म्हणा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.