राजीनामा दिल्यावर शेवटचा पगार ४५ दिवसांनी मिळेल असं एचआर म्हणतं. हे चालतं का?

नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता (पगाराबाबतचा नवा केंद्रीय कायदा) लागू झाली आहे. कलम १७ प्रमाणे नोकरी सुटल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता व्हायला हवा, मग तुम्हाला काढलेलं असो की तुम्ही स्वतः राजीनामा दिलेला असो. जुन्या कायद्यात ही मुदत फक्त काढून टाकलेल्यांसाठी होती, तीही महिना २४,००० पर्यंत पगार असणाऱ्यांनाच. आता मॅनेजरलाही हा हक्क आहे. ग्रॅच्युइटीचं मात्र वेगळं, तिला ३० दिवस. 'नो ड्यूज'च्या (कंपनीचं काही देणं बाकी नाही या दाखल्याच्या) नावाखाली माणसाचा कमावलेला पगार अडकवून ठेवणं हा सरळ अन्याय आहे. लॅपटॉप, आयकार्ड जमा केल्याची लेखी पोच घ्या आणि एचआरला ईमेल करताना कलम १७(२) स्पष्ट लिहा.