हेलिकॉप्टरवर हात बसलाय, आता आरसी (रेडिओवर चालणारं) विमान उडवायचंय. कुठून सुरुवात करू?

तुम्ही ४५० साइजचं कलेक्टिव्ह पिच (पात्यांचा कोन बदलून उंची धरणारं) हेलिकॉप्टर नोज-इन होव्हर (नाक आपल्याकडे करून एका जागी स्थिर) आणि फिगर-एटपर्यंत (आठच्या आकड्यासारखी चक्कर) उडवता, थ्री-सेल २२०० एमएएचच्या बॅटऱ्या घरात आहेत, आणि पहिलं विमान कोणतं घ्यावं, जुन्यातलं काय चालेल, उडवताना काय बदलेल असं विचारलंय. क्रमाने सांगतो, पण सगळ्यात महत्त्वाचं आधी.

बोटांचं काम तुमचं झालेलंच आहे. नोज-इन जमतं म्हणजे विमान समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं त्याचा तुम्हाला त्रास नाही. नवशिक्यांची बरीच विमानं त्यातच जातात. रडरचा (नाक डावं-उजवं वळवणारा) अंगठाही कामाला लागलेला आहे. तुमच्याकडे नाही ती एकच सवय, वेग राखण्याची. हेलिकॉप्टर अडचणीत आलं की आपण सायक्लिक (हेलिकॉप्टर कलतं करणारी स्टिक) मागे ओढतो, ते थांबतं, कलेक्टिव्हवर उंची धरून पुढचा विचार करता येतो. विमानात एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) ओढत राहिलात तर नाक वर जातं, वेग पडतो, आणि हवेशी पंखाचा कोन साधारण १५ अंशांपुढे गेला की पंख उचलणं सोडतो. हा स्टॉल. घाबरल्यावर स्टिक मागे ओढायची नाही, किंचित पुढे द्यायची, हे पहिल्या दिवसापासून हाताला शिकवा.

विमान हाय विंग ट्रेनरच (पंख वर असलेलं शिकाऊ विमान) घ्या: विंगस्पॅन १.२ ते १.५ मीटर, ईपीओ फोम, एलेरॉनसकट (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान कलतं करणाऱ्या पट्ट्या) चार चॅनेल, पंखाची टोकं किंचित वर उचललेली. वजनाला पंखाच्या क्षेत्रफळाने भागून बघा. १४०० मिमी लांब आणि सरासरी १८५ मिमी रुंद पंख म्हणजे जवळपास २६ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ९५० ग्रॅम असेल तर ३६-३७ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर. पहिल्या विमानाला ३० ते ४५ च्या मधला आकडा चांगला. हेलिकॉप्टरवाल्यांना वॉरबर्ड (युद्धविमानाची प्रतिकृती) किंवा थ्रीडी फोमीचा (कसरतीच्या फोम विमानाचा) मोह पडतो, तो आवरा. वॉरबर्डचा पंख टोकाकडे निमुळता असतो, लोडिंग (वर काढलेला वजन-क्षेत्रफळाचा आकडा) जास्त असतं आणि हळू झाल्यावर एक टोक आधी पडतं. थ्रीडी फोमी प्रोपेलरवर लटकतो, म्हणजे जी सवय मोडायची तीच पक्की होते.

ईझीस्टार किंवा बिक्सलरसारखं पुशर (मोटर पंखावर, मागे तोंड करून) घेतलंत तर पोटावर उतरलं तरी प्रोपेलर मोडत नाही. नांगरलेल्या शेतात किंवा ओबडधोबड माळावर, जिथे चाकं ढेकळांत अडकतात, तिथे मी हेच सुचवेन. फक्त एक ध्यानात ठेवा: मोटर वर बसवलेली असल्यामुळे थ्रॉटल एकदम दिला की नाक खाली जातं. जमिनीजवळ थ्रॉटल हळूहळू वाढवा आणि सोबत थोडा एलिव्हेटर द्या.

आता जुनं सामान. २२०० च्या बॅटऱ्या बिनधास्त वापरा. क्रूझला सरासरी १० अँपिअर धरले तर ८० टक्के क्षमता, म्हणजे १७६० एमएएच, साडेदहा मिनिटं पुरते. पहिल्यांदा टायमर ७ मिनिटांवर लावा आणि उतरल्यावर सेल मोजा. थोडा वेळ ठेवून ३.७ व्होल्टच्या खाली दिसत असेल तर वेळ कमी करा. सायक्लिकचे ९ ग्रॅमचे सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटर) चालतात. टेल सर्व्हो ७६० मायक्रोसेकंदवाला (मध्याचा सिग्नल तेवढ्या लांबीचा) असेल तर तो विमानाच्या रिसीव्हरला लावू नका. नेहमीच्या १५०० च्या सिग्नलवर तो एका टोकाला जाऊन जळतो. मोटर तर मुळीच नको. ४५० ची मोटर साधारण ३५०० केव्हीची (एका व्होल्टला इतके आरपीएम) असते, म्हणजे ११.१ व्होल्टवर बिनभाराची ३८ हजारांहून जास्त आरपीएम. हेलिकॉप्टरमध्ये गिअर ते कमी करतात. इथे प्रोपेलर थेट शाफ्टवर बसतो, त्यामुळे मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दोन्ही जळतात. नाकावर मोटर असलेल्या १ किलोच्या ट्रेनरला १००० केव्हीच्या आसपासची मोटर, १०×५ चा प्रोपेलर आणि ३० अँपिअरचा ईएससी पुरतो. हेलिकॉप्टरचा ४० अँपिअरचा ईएससी वापरायचाच असेल तर गव्हर्नर (आरपीएम एकसारखा राखणारी सोय) बंद करा आणि सॉफ्ट स्टार्ट सगळ्यात जलदवर ठेवा. नाहीतर उडवायला हाताने फेकल्यावर मोटर सावकाश वेग घेईल आणि तोवर विमान जमिनीवर असेल. टेलचा जायरो हेडिंग-होल्डमध्ये (नाकाची दिशा धरून ठेवणाऱ्या मोडमध्ये) रडरला लावू नका. वळणात तो तुमच्याशी भांडत राहील.

ट्रान्समीटरवर जुनं मॉडेल कॉपी करू नका, नवीन विमानाचं मॉडेल उघडा. स्वॉश मिक्सिंग (हेलिकॉप्टरचे सायक्लिक सर्व्हो एकत्र हलवणारी सेटिंग) राहून गेलं तर एलेरॉन दिल्यावर भलतेच सर्व्हो हलतात. थ्रॉटल कर्व्ह सरळ, ० ते १००. आयडल-अपचा (हेलिकॉप्टरच्या कसरतीच्या मोडचा) स्विच ड्युअल रेटला, म्हणजे पट्ट्या किती हलतील ते बदलायला द्या (लो रेट ७० टक्के; एक्स्पो, म्हणजे मध्याजवळ स्टिक मऊ करणं, ३०), थ्रॉटल होल्डचा स्विच थ्रॉटल कटला (मोटर बंद करायला). त्या स्विचवर बोट आपोआप जातं, ही तुमची चांगली सवय आहे: पडणार हे कळल्याबरोबर कट केलं तर शाफ्ट आणि ईएससी वाचतो. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर) थ्रॉटल शून्य आहे ना, हे प्रोपेलर काढून, ट्रान्समीटर बंद करून बघा.

प्रोपेलर बसवताना त्यावरची अक्षरं उडण्याच्या दिशेला हवीत, मोटर मागे असली तरीही. दिशा तपासताना विमानाच्या मागे उभे राहा: स्टिक उजवीकडे दिली की उजवा एलेरॉन वर, स्टिक ओढली की एलिव्हेटर वर, रडर उजवीकडे दिला की त्याची मागची कड उजवीकडे.

सीजीला (गुरुत्वमध्याला) हेलिकॉप्टरपेक्षा इथे जास्त वेळ द्या. कंपनीची खूण नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर दोन बोटांनी उचला; विमान सपाट किंवा नाक जरासं खाली राहायला हवं. १८५ ग्रॅमची बॅटरी २ सेंमी पुढे सरकवली की १ किलोच्या विमानाचा सीजी जवळपास ४ मिमी पुढे जातो, म्हणून शिसं चिकटवायच्या आधी बॅटरीच सरकवून बघा. शेपूट जड असेल तर एलिव्हेटर फार तिखट होतो आणि स्टॉलमधून विमान बाहेर येत नाही.

फेकायचं काम सोबत्याला द्या, दोन्ही अंगठे स्टिकवर ठेवा. वाऱ्याच्या तोंडावर, थ्रॉटल तीन चतुर्थांश, सपाट आणि जोरात, वर नाही. पुशर असेल तर फेकणाऱ्याचा हात प्रोपेलरच्या पुढे राहिला पाहिजे. सुटल्यावर वेग येईपर्यंत एलिव्हेटर ओढू नका. ५० मीटर उंचीवर अर्ध्या थ्रॉटलला आणून ट्रिम करा (स्टिक सोडली तरी विमान सरळ जाईल असं जुळवा). फ्लायबारलेस (इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणाच्या) हेलिकॉप्टरमध्ये रेडिओच्या ट्रिमला हात लावत नाहीत, पण विमानात ट्रिम वापरायचंच असतं. खाली आल्यावर लिंकेज (सर्व्हो आणि पट्टी जोडणारी तार) फिरवून ट्रिम पुन्हा मध्यावर आणा.

मग तिथेच, त्याच उंचीवर, स्टॉल मुद्दाम करून बघा. वाऱ्याच्या तोंडावर थ्रॉटल शून्य, उंची टिकवायला एलिव्हेटर हळूहळू मागे. स्टिक हलली तरी विमान उशिरा ऐकायला लागतं, नाक डुलतं आणि मग पडतं किंवा एक पंख खाली जातो. एलिव्हेटर सोडा, थ्रॉटल द्या, पंख रडरने सरळ करा. एलेरॉनने सावरायला गेलात तर खालच्या पंखाचा एलेरॉन खाली जातो, त्या पंखाचा हवेशी कोन आणखी वाढतो आणि स्पिन (गिरक्या घेत कोसळणं) लागतो. ते ढिलं पडणं डोळ्यांना ओळखीचं होईपर्यंत हे करत राहा.

खरा धोका लँडिंगच्या शेवटच्या वळणावर. विमान हळू आहे, उंची १५ मीटर, वळण मोठं होतंय असं वाटून हेलिकॉप्टरवाला सवयीने रडर मारतो आणि एलिव्हेटर ओढतो. आतला पंख आधीच हळू असतो, तो स्टॉल होतो आणि विमान आतल्या बाजूला गडगडतं. ४५ अंश कलंडलं की स्टॉलचा वेग १९ टक्के वाढतो, ६० अंशांना ४१ टक्के. म्हणून ते वळण ३० अंशांच्या आत, नाक किंचित खाली. वळण चुकलं तर थ्रॉटल देऊन पुन्हा चक्कर मारा. सरळ रेषेत आल्यावर थ्रॉटलने उंची सांभाळा, एलिव्हेटरने वेग. थ्रॉटलने उंची ही तुमची कलेक्टिव्हचीच समज आहे. नाक जमिनीच्या रोखाने ठेवा, अर्धा मीटर उरला की थ्रॉटल बंद, एलिव्हेटर जेमतेम मागे. फ्लेअर (उतरतानाचं हे शेवटचं ओढणं) म्हणजे हेलिकॉप्टरसारखं नाक उचलून थांबवणं नव्हे.

वाऱ्याच्या दिशेने जाताना विमान जमिनीच्या मानाने भरधाव दिसतं. थ्रॉटल कमी करायचा मोह होतो, पण हवेतला वेग तेवढाच असतो, आणि तसं केलंत तर पुढच्या वळणावर स्टॉल होणार.

जागा मोठी लागते: उतरायला १०० × ३० मीटर मोकळं, आणि चकरेसाठी त्याच्या तिप्पट, जिथे घरं, तारा, माणसं नाहीत. सकाळी सात ते नऊ चांगलं. उन्हाळ्यात दुपारी माळ तापला की हवा उसळते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत ही मर्यादा २०० फूट, आणि ८ किमीच्या आत जमिनीपासूनच परवानगी. पुण्यात लोहगाव, मुंबईत सांताक्रूझ, नागपुरात सोनेगाव यांच्या आसपासचे बरेच माळ यात अडकतात, म्हणून आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलचा नकाशा बघा. मुंबईत पोलिसांचे ड्रोन आणि रिमोटच्या उडत्या वस्तूंवरचे बंदी आदेश वेळोवेळी निघतात, तेही तपासा.

ईएससी कोणत्या कंपनीचा आहे ते प्रश्नात लिहिलेलं नाही. तेवढं कळवलंत तर गव्हर्नर बंद करायची पद्धत इथेच लिहितो.