डाळीला किडे, मिठाला पाणी

ताई, आमचं वन-आरके आहे. सगळे डबे एकसारखे असावेत म्हणून सेट बघितला, दोन हजारांच्या घरात जातो. घेऊ का? (पिंपरी)

महिनाभर थांबा. सेट आला की सहा डबे भरायचे म्हणून सामान आणलं जातं, हे मी माझ्याच घरी केलंय. आधी महिन्याला काय किती लागतं ते लिहा. कॉफीच्या, मधाच्या काचेच्या बरण्या साठवा. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाचा वास जात नाही, तिच्यात मसालाच भरा. पाण्याची दोन लिटरची बाटली धुऊन दोन दिवस उन्हात उलटी ठेवली की खडखडीत वाळते. तिच्यात दीड किलो तांदूळ सहज मावतो आणि ती पलंगाखाली आडवीही राहते. दुसऱ्या बाटलीचं तोंड कापलं की नरसाळं झालं.

मे महिन्यात दहा किलो तूरडाळ भरली. श्रावणात तिला जाळी धरली. बोरिक पावडर लावावी का? (जालना)

खायच्या वस्तूला बोरिक पावडर नकोच, त्यातून घरात लहान मूल असेल तर अजिबात नको. पूर्वी सर्रास लावायचे, म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

जाळी धरते ती पतंगाच्या अळीमुळे. कडधान्यातला भुंगा वेगळा. त्याची अंडी शेतातून किंवा गोदामातूनच दाण्यावर येतात आणि अळी दाणा पोखरत वाढते. म्हणून डबा कितीही घट्ट असला तरी किडे होतात आणि आपण झाकणाला दोष देतो.

डाळ कडक उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा. मग सावलीत पूर्ण गार होऊ द्या. इथेच घाई होते. कोमट डाळ भरली की रात्री झाकणाला आतून घाम येतो आणि तेच पाणी डाळीवर गळतं. गार झाल्यावर किलोला एक लहान चमचा एरंडेल तळहाताला लावून दाणे चोळा, नुसती चमक दिसली की बास. शिजवताना कोमट पाण्याने दोनदा धुवा. फ्रीजरमध्ये जागा असेल तर किलोकिलोच्या पिशव्या करून चार-पाच दिवस ठेवा, अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी गार असताना उघडू नका.

आणि दहा किलो कशाला? तुम्ही चौघं. महिन्याला दोन किलो धरली तरी पावसाळा उलटतो. त्यातली तीन किलो टाकावी लागली तर स्वस्ताई कुठे उरली?

मिठाला पाणी सुटतं, गूळ पाझरतो. (चिपळूण)

कोकणातली हवाच तशी. मीठ पत्र्याच्या डब्यात नको, गंजतो. चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्या, तळाशी मूठभर कोरडे तांदूळ टाका, चमचा ओला नको. गुळाची अख्खी ढेप पावसाळ्यात आणूच नका; अर्धा किलो आणा, चिरून काचेच्या बरणीत भरा. रवा कोरडाच भाजून, गार करून भरला तर टिकतो.

कांदे-बटाटे एकाच टोपलीत चालतात का? (नाशिक)

नाही. कांदा उघड्या हवेत, बटाटा अंधारात. उजेडात बटाटा हिरवा पडतो आणि कडवट होतो. थोडा हिरवा असेल तर तेवढा भाग जाड कापून काढा, बराच असेल तर अख्खा टाका. फ्रीजमध्ये ठेवलात तर गोडसर लागतो, आणि त्याचे काप तळले की काळपट होतात.