वॉरगेमिंगचे सैन्य रंगवताना होणारी चालढकल कशी थांबवावी?

तुम्ही लिहिले आहे की वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या शिपायांच्या लढाया खेळण्यासाठी, दीड वर्षापूर्वी हौसेने घेतलेल्या साठ शिपायांपैकी चारच रंगवून झाले, उरलेले राखाडी प्लॅस्टिक कपाटात पडून आहे आणि दर रविवारी ठरवूनही त्याला हात लागत नाही. मी यातून गेलो आहे. माझे सैन्य असईच्या लढाईचे होते. 23 सप्टेंबर 1803 रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी जी लढाई केली, तिच्यातल्या 74 व्या आणि 78 व्या हायलँडर (स्कॉटिश) पलटणींचे 28 मिमी उंचीचे 54 शिपाई मी घेतले होते. पहिल्या वर्षात त्यांपैकी पाच रंगले.

माझी चालढकल मला चालढकल वाटतच नव्हती, कारण तिने अभ्यासाचा वेष घेतला होता. 78 व्या पलटणीच्या कॉलरी आणि कफ बफ रंगाचे, म्हणजे फिकट बदामी. ‘रॉस-शायर बफ्स’ हे तिचे नाव त्यावरूनच पडले. या बदामीच्या चार छटांपैकी कोणती घ्यावी यात माझे तीन महिने गेले. शेवटी एका रात्री पट्टी लावून कफ मोजला, तर तो जेमतेम दोन मिमी रुंद भरला. टेबलावर हातभर अंतरावरून ती छटा मलाही ओळखता आली नसती, मग समोर बसणाऱ्या खेळाडूची काय कथा! आळशी माणूस तीन महिने कागदावर रंगांचे पट्टे ओढत बसत नाही. माझे घोडे अडले होते ते न घेतलेल्या निर्णयांपाशी, आणि तुमचेही तिथेच अडले असावे असा माझा अंदाज आहे.

म्हणून पहिले काम हे करा की एक शिपाई बिघडवण्यासाठी बाजूला काढा. सगळे प्रयोग त्याच्यावरच करा, आणि जे जमेल ते एका जाड कागदावर क्रमाने लिहून ठेवा. माझ्या कागदावर असे होते: चेहरा आणि हात, मग लाल कोट, मग पाटलोण, मग छातीवरचे पट्टे आधी फिकट करड्या रंगात आणि त्यावर पांढऱ्यात, मग बंदूक, आणि शेवटी सगळ्यावर गडद तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग. पट्ट्यांखाली करडा देण्याचे कारण असे की लाल रंगावर पांढरा एका हातात कधीच झाकत नाही, तीन-तीन हात द्यावे लागतात आणि कंटाळा नेमका तिथेच येतो. वॉश पातळ असल्यामुळे घड्यांमध्ये उतरतो आणि सावल्या आपोआप पडतात. हातून झालेल्या निम्म्या चुका तो पोटात घालतो. कागद एकदा लिहिला की सैन्य पुरे होईपर्यंत त्यात बदल करायचा नाही, मग मधेच कुठे कितीही सुंदर रंगसंगती दिसो.

एका वेळी सहाच शिपाई घ्या. मी आधी वीस-वीस मांडत असे, आणि विसावा लाल कोट होईपर्यंत ब्रश नकोसा होई. बाटल्यांच्या झाकणांवर सहा चिकटवले की पहिल्याचा रंग वाळेपर्यंत सहावा होतो आणि चार-पाच बैठकांत तुकडी हातावेगळी होते.

दुसरी अडचण मांडामांडीची. रंग माळ्यावर, ब्रश खणात आणि दिवा तिसऱ्याच खोलीत असला की रात्री जेवणानंतरचा अर्धा तास सामान गोळा करण्यातच जातो. मी सगळे एका ट्रेमध्ये ठेवून तो दिवाणाखाली सरकवला. रंगांसाठी झाकणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद घातला, तर अॅक्रिलिक रंग दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. झाकण उघडले की काम तिथूनच पुढे. (स्पंजातले पाणी वेळच्या वेळी बदला, नाहीतर त्याला जो वास येतो तो घरातल्यांना हॉबीविरुद्ध पुरावा म्हणून पुरतो.)

मला सर्वाधिक चालना मात्र एका मित्राने दिली. त्याने खेळासाठी दोन महिने पुढची तारीख ठरवली आणि न रंगवलेला शिपाई टेबलावर चालणार नाही असे बजावले. तोवर नवीन खोका घ्यायचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

प्रायमरबद्दल, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराबद्दल, एक सावधगिरी. पुण्यात ऐन जुलैत गच्चीवर मी तीस शिपायांवर स्प्रे मारला आणि दमट हवेत तो रव्यासारखा खरखरीत बसला. मन इतके खट्टू झाले की तो खोका आठ महिने उघडला नाही. पुढे जुन्या टूथब्रशने घासून, उरलेल्या खरखरीवरच रंग दिला. आज ते शिपाई बाकीच्यांत मिसळले आहेत आणि मलाही ते उचलून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. तुमच्याकडे पाऊस असेल तर प्रायमर ब्रशनेच, पातळ दोन हातांत लावा, आणि पहिल्या सहांचे बेसही, म्हणजे पायांखालच्या चकत्याही, लगोलग पुरे करा. मी फेविकॉलवर बारीक वाळू टाकून तिला मराठवाड्याच्या काळ्या मातीचा रंग दिला होता. ते सहा जण फळीवर उभे राहिल्यावर सातव्याला हात लावायला मला रविवारची वाट पाहावी लागली नाही.