आईला आफ्रिकेच्या जंगलात नेऊ का?

प्रश्न : आईच्या पंचाहत्तरीला बोट्सवानात, ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या सफारी कॅम्पवर राहायचा बेत आहे. तिथे कुंपण नसतं म्हणतात. तिला झेपेल का? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : जरूर न्या! मी नेरूळची, खाडीतले फ्लेमिंगो दरवर्षी बघते. पण ओकावांगोचं पाणी बघून मी हरखूनच गेले. अंगोलाच्या डोंगरातला पाऊस महिनोन्‌महिने वाहत येतो आणि ऐन कोरड्या जून-ऑगस्टमध्ये तो सगळा प्रदेश भरतो. तेव्हाच जा.

बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं हे खरं. हत्ती तंबूंच्या मधून चालत जातात. म्हणून अंधार पडला की कॅम्पचा माणूस सोबत असल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. हे आईंना निघण्याआधीच नीट समजावा.

मला काळजी वाटते ती प्रवासाची. माऊन या तिथल्या शहराहून पुढे कॅम्पपर्यंत छोटं विमान. त्यात सामान साधारण 20 किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग चालत नाही. सफारीची जीप उंच असते, गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच सांगा. जेवण शाकाहारी हवं असेल तर तेही. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. आणि पहाटे उघड्या गाडीत थंडी बोचते, आईंची कानटोपी विसरू नका.